डाव्या चाकातलं तेल

शुक्रवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी अर्जुनरावांची जीप बीडमध्ये हैदरच्या गॅरेजसमोर थांबली. मागच्या डाव्या चाकातून तेल गळत होतं. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढत होती.

हैदर जुम्याच्या नमाजसाठी शटर ओढत होता.

"आता न्हाई, अर्जुनराव. तीनला या."

"तीनला उशीर हुईल. पोरगी सायली अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात हाय. प्रवेशाची खिडकी पाचला बंद हुईल. त्याच्या आत पोचायचंय."

हैदरने शटर परत वर ढकललं. "डाक्टरकीला नंबर लागला? अन् पेढे कावून न्हाई आणले?"

"आणू. आधी गाडी बघा."

अर्जुनराव चकलांब्याचे बागायतदार, जुनं गिऱ्हाईक. सोबत थोरला मुलगा अमरसिंह होता. तो उतरल्यापासून फोन लावत होता. लागत नव्हता.

हैदरने चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, चिमटीत तेल चोळलं, हुंगलं. "ब्रेक ऑइल पातळ असतंय. हे घट्ट हाय, वास बी उग्र. एक्सलचं तेल हाय हे. तेल अडवणारं रबरी सील गेलंय."

"सील पंधरा दिवसांमागंच बदललं," अमरसिंह म्हणाला.

"कुणी बदललं?"

"हाय एक जण."

"मंग त्याच्याच दारात लावायची व्हती की गाडी."

अमरसिंह हसला नाही.

जॅक लागला. चाक निघालं, ड्रम निघाला. ब्रेकचे लायनर तेलात भिजले होते. हैदरने आतले चार नट सोडून एक्सल ओढून काढला, फडक्याने पुसला आणि सील बसतं त्या जागेवरून नख फिरवलं. नख अडलं.

"हे बघा. जुन्या सीलनं लोखंडाला चरी पाडली. नवं सील त्याच चरीत बसवलं, मंग गळंल न्हाई तर काय?"

"नवा एक्सल घालू," अर्जुनराव म्हणाले.

"औरंगाबादहून यायला उद्या उजाडंल. सील दोन मिलिमीटर बाहेर ठेवतो. त्याची कड कोऱ्या जागी येती. चालंल."

"किती येळ?"

"घाई केली तर तिरकं बसंल, अन् मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक लागायचा न्हाई."

मशिदीत नमाजाला जमात उभी राहिली आणि सुटलीही. हैदर सीलवर पाइपाचा तुकडा धरून चारी बाजूंनी हलके ठोके देत होता. बाहेर अमरसिंहचा फोन एकदाचा कुणाला तरी लागला. "दिसली का? दिसली की लगेच सांग."

"पोरगी काय हरवती का बे?" हैदर आतूनच म्हणाला. "माझी लुबना तिथंच नर्सिंगला हाय. सायलीला सोबत हुईल. फोन करू?"

अर्जुनराव स्टुलावरून उठले. "नको. कुणाला सांगू नका. तुमी काम करा."

हैदरने चार नट आवळले, पान्हा लावून परत एकदा तपासले. नवे लायनर चढले. एक किलोमीटर फिरवून आणल्यावर त्याने चाकाच्या आत पांढरं फडकं फिरवलं. कोरडं.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी जीप निघाली. अर्जुनरावांनी हात जोडले. "लई उपकार झाले."

हैदर नमाज पढून आला, जेवला. एवढी चांगली बातमी लपवायची कशाला, असं त्याला वाटत राहिलं. तीन वाजून वीस मिनिटांनी त्याने लुबनाला फोन केला. "चकलांब्याची सायली तिथं आलीय. तिला सांग, गाडी झाली, वडील निघालेत. पाचच्या आत पोचतात."



"अब्बा, गाडी तुमी दुरुस्त केली?"

"एक थेंब गळायचा न्हाई."

"ती माझ्याजवळच हाय. पहाटे घरातून पळून आली. परवा तिचं लग्न लावतायत. प्रवेश हुयाच्या आत तिला उचलून न्यायला निघालेत ते. रांगेत तिच्या पुढं अजून तीस जण हायत."

हैदरने फोन ठेवला आणि अर्जुनरावांना लावला. जीप केजच्या जवळ होती.

"गाडी हाय तिथंच थांबवा," तो म्हणाला. "चूक झाली माझी. ड्रमच्या आतले नट आवळायचे राहिले. चाक एक्सलसकट बाहेर यील. कुणाला हात लावू देऊ नका, मी पान्हे घेऊन निघालोच."

पलीकडून शिवी आली. मग इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

चार वाजून वीस मिनिटांनीही जीप केजच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी होती. अमरसिंहचे अकरा फोन येऊन गेले होते. हैदर बीडमध्येच होता. रांगेत सायलीच्या पुढे नऊ जण उरले होते.