तोफेचा कान

तोफेच्या कानातला खिळा निघाला तेव्हा प्रेमला नेमकी समोर उभी होती. ती तिथे नसती तर बरं झालं असतं, असं विश्रामला वाटलं.

कान म्हणजे तोफेच्या मागच्या अंगाला असलेलं, बत्ती द्यायचं बारीक भोक. कुठल्याशा जुन्या लढाईत कुणीतरी त्यात खिळा ठोकून तोफ निकामी केली होती. तोफेच्या डागडुजीसाठी आलेल्या ज्ञानेशनं तेल मुरवून मुरवून तो खिळा उपटला आणि सगळ्यांना हसत दाखवला. पोरगा इंजिनियर, उत्साही. प्रेमला काही हसली नाही.

"मंजे इतके दिवस बहिरीच होती," ती म्हणाली. "तरीच."

'तरीच' काय, ते तिच्या नवऱ्याला, विश्रामला, कुणी सांगायला नको होतं. तारापूरच्या त्या किनाऱ्यावर तोफ वाळूत पडून होती, तोंड समुद्राकडे. ज्या घरची होडी वेळेवर परत येत नसे त्या घरच्या बाईनं दिवेलागणीला तोफेच्या तोंडात आपल्या माणसाला हाक मारायची, अशी गावाची रीत. होड्या बहुतेक येतही. वारा पडला की येणारच त्या. तिच्या पोराची, शैलेशची, होडीही आली, पण रिकामी. घरच्यांनी पोराचे दिवस घातले, फोटोला हार घातला. तरी प्रेमला रोज संध्याकाळी येऊन तोफेत डोकं घालायची आणि पोराला जेवायला बोलवायची. बोंबलाचं कालवण केलंय, ये म्हणायची. दोन पावसाळे झाले. लोक आधी डोळे पुसायचे, मग समजूत काढायला लागले, आता तोफेला वळसा घालून जायचे. विश्रामनं मात्र एकदाही हाक मारली नव्हती. पोराचं नावच त्याच्या तोंडून निघत नसे.

विश्राम होड्या बांधणारा सुतार. तोफेचा कुजलेला लाकडी गाडा नवा करायचाय, हे कळल्यावर त्यानं ते काम मागून घेतलं. बरं झालं, जीव रमेल बिचाऱ्याचा, असं गाव म्हणालं. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गाडा झाला की शेवटी तोफेच्या तोंडात लाकडाचं बूच बसवायचं होतं, आत पाणी-कचरा जाऊ नये म्हणून. ते बूच त्याला स्वतःच्या हातानं ठोकायचं होतं. एकदाचं ते तोंड बंद झालं की ही बाई घरी बसेल, दोन घास खाईल, रडेल तरी. ती अजून रडलीच नव्हती. तिचं ते कोरडं तोंड बघून त्याचं काळीज तुटायचं.

बोईसरहून भाड्यानं आणलेल्या क्रेननं तोफ उचलली आणि अलगद गाड्यावर टेकवली. गाडा सागाचा, चाकं बाभळीची. वजन पडलं तसा तो एकदा करकरला आणि गप्प झाला. ज्ञानेशनं तोफेच्या पोटात शेवटचं मेण फिरवलं.

"विश्रामकाका, मारा बूच. अंधाराच्या आत आटपू."

बूच त्यानं जीव ओतून केलं होतं. निमुळतं, गोल, आणि कडेनं तेलात भिजवलेली सुताची दोरी, होडीच्या फटी बुजवतात तशी. मुंगी शिरणार नाही असं. ते तोफेच्या तोंडाशी लावून त्यानं ठोकायची लाकडी मोगरी हातात घेतली आणि बायको आता आडवी येईल म्हणून वाट बघितली.

प्रेमला आडवी आली नाही. ती मागच्या बाजूला गेली, वाकली आणि तिनं तोफेच्या कानाला गाल लावला.

"मारा," ती म्हणाली.

त्यानं मारली. बूच सरकलं. दुसरा घाव घातला. तिसऱ्याला प्रेमला हळूच म्हणाली, "आला."

"काय आला?"

"श्वास. माज्या गालावर."

विश्रामच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्याला स्वतःचाच राग आला. बूच आत सरकतंय तर आतली हवा दुसऱ्या भोकातून बाहेर पडणारच, शेंबडं पोरही सांगेल.

"हवा हाय ती, प्रेमला. आतली हवा. दुसरं काय नाय."

"मंग मारा की अजून."

तिनं डोळे मिटले होते. शैलेश लहान असताना तापानं फणफणला की ती अशीच त्याच्या तोंडाशी गाल नेऊन रात्र काढायची. विश्रामनं मोगरी उचलली. बूच बोटभर बाहेर होतं. अजून एक घाव, फार तर दोन, की ते पुरतं बसलं असतं आणि मग त्या भोकातून काही आलं नसतं. हेच तर त्याला हवं होतं. पण वर गेलेला हात काही केल्या खाली येईना.

"चाचा, हो गया क्या?" क्रेनवाल्यानं ओरडून विचारलं.

"काका, थोडं राहिलंय," ज्ञानेश म्हणाला.

विश्रामनं मोगरी वाळूत ठेवली. "राऊ दे. लाकूड हाय, पावसात फुगतं. थोडी जागा सोडाया लागते."

ज्ञानेशनं मान डोलावली आणि तो हत्यारं गोळा करू लागला.

विश्राम गाड्याला हात लावत लावत मागे गेला. प्रेमला डोळे न उघडताच जराशी बाजूला सरकली. तो वाकला. भोकापाशी गंजाचा आणि मेणाचा वास येत होता. त्यानं तोंड तोफेच्या कानाशी नेलं.

"शैलेश," तो म्हणाला, "आई जेवाची थांबलीय रे."