गर्दीत न टिकलेली घडी

"पाण्यात घडी टिकली म्हणून हुरळून जाऊ नकोस," लॅबचे प्रमुख तोगाशी सरांनी कानाएला बजावलं होतं. "रक्तात गर्दी असते." कानाएने अदबीने कंबरेत वाकून ते ऐकलं आणि सोडून दिलं. प्रथिनांसारखा आपला आपण दुमडणारा पॉलिमरचा नॅनोकण तिने जिवापाड खपून घडवला होता. नितळ पाण्यात तो गुणी बाळासारखा अंग मुडपून बसायचा. काल त्याला पहिल्यांदा सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांनी गजबजलेल्या द्रवात सोडलं, आणि गुणी बाळ सगळंच्या सगळं उलगडलं.

आज तिच्या लेकीचा, मिओचा, पाळणाघरातला पहिला दिवस. सवय व्हावी म्हणून फक्त तासभर. घरात आईबापापलीकडे माणूस न पाहिलेली ही पोर त्या गलक्यात कशी टिकणार? "लॅबला जाते हं," असं सांगून कानाए निघाली ती थेट कुंपणाबाहेरच्या झुडपामागे जाऊन बसली.

आत मिओने एकाची टोपी ओढली, दुसऱ्याची ढुशी खाल्ली आणि खिदळत वाळूत फतकल मारली. दाराकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने पाळणाघरातल्या ओगिनोबाई रुमाल घेऊन बाहेर आल्या. "मिओची आई, रडणं दोन-चार दिवसांत थांबतं हो."

"पण ती कुठे रडतेय?"

"तिचं कोण बोलतंय?"

उद्या दोन तास आहेत. त्या रस्त्याने गेलात तर मिओची काळजी नको, झुडपामागे तेवढं जरा डोकावून बघाल का?