वाफेखालचं नाव

कपाच्या बुडाशी बारीक ठसे होते. पारखी बाईंनी ते भिंगाखाली धरले आणि त्यांचा चेहरा खुलला. अस्सल चांदी, मुलामा नव्हे. दोन्ही कानांवर हातानं घडवलेल्या लाटा. जुन्या शर्यतींचे कप पारखण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातले बहुतेक आतून पितळेचे निघत. असा एखादा हाती आला, की दिवस सार्थकी लागे.

समोरच्या मुलीला त्यांनी तसं सांगितलंही. कप तिच्या आईचा, खाडी पोहून जाण्याच्या शर्यतीतला. आई मागच्या वर्षी गेली. आता पोहण्याचा क्लब तो काचेच्या कपाटात मांडणार होता, म्हणून कपाच्या खरेपणाचा आणि किमतीचा दाखला हवा होता. सोबत आईची मैत्रीण आली होती. मुलगी तिला मावशी म्हणत होती. मावशी भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या.

बाईंचा अंगठा आईच्या नावावरून फिरला आणि अडखळला. तिथे चांदी पातळ लागत होती. त्यांनी कपावर तोंडाची वाफ सोडली. आईच्या नावाखाली दुसरी अक्षरं उमटली, घासून काढलेली. क्षणभर दिसली आणि विरली.

सांगावं, तर या पोरीच्या आईच्या विजयावर बोट उठणार. न सांगावं, तर इतकी वर्षं पारख केली ती कशासाठी? शेवटी त्यांनी कप पुढे सरकवला आणि हळूच सांगितलं, की इथे आधी कुणा दुसऱ्याचं नाव होतं, दाखल्यात तसं लिहावं लागेल, आणि अशा कपाची किंमत घटते.

मुलीनं स्वतः वाफ सोडून पाहिली. वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हे तुझं नाव आहे."

"माझंच," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, एव्हाना बुजलं असेल."

मग त्यांनी सांगितलं. त्या काळी ही शर्यत दर वर्षी त्याच जिंकत. क्लबवाल्यांना इतकी खात्री, की त्या वर्षी त्यांनी मावशींचं नाव आधीच कोरून ठेवलं. आणि कुणाच्या खिजगणतीतही नसलेली एक मुलगी त्यांच्याआधी काठाला लागली. क्लबवाल्यांची पंचाईत झाली. कप मावशींनीच ठेवावा, त्या मुलीला पुढे एखादा लहानसा देऊ, असा त्यांनी तोडगा काढला. मावशींनी कप उचलला आणि थेट कारागिराकडे नेला. नाव घासण्याआधी त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? त्या समोर बसून राहिल्या. नवं नाव कोरून झालं, तशा पत्ता शोधत त्या मुलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तोवर दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"आईनं मला हे कधी सांगितलं नाही," मुलगी म्हणाली.

मीच तिला गप्प बसायला सांगितलं होतं, मावशी म्हणाल्या. क्लबवाल्यांचं हसं झालं असतं.

बाईंनी दाखल्याचा कागद पुढे ओढला. 'नाव बदललेले' एवढं लिहून थांबायची त्यांची रीत. आज त्यांनी कुणी बदललं आणि का, तेही लिहिलं. खोडलेल्या नावानं किंमत घटते, हे त्यांनी स्वतःच कितीजणांना शिकवलं होतं. या कपाची त्यांनी वाढवून लिहिली, आणि खाली सही ठोकली.

मुलीनं डोळे पुसले. "मग दारात तुला बघून आई काय म्हणाली गं?"

"कपाकडे धड पाहिलंही नाही तिनं. म्हणाली, शेवटच्या टप्प्यात तुमचा डावा हात खाली पडतो. उद्या सकाळी पाण्यावर या, बघू."

आणि मावशींनी खुर्चीत बसल्याबसल्या डावा हात उचलून दाखवला. कोपर उंच, बोटं खाली, पाण्यात शिरायच्या बेतात.