ब्वेनो

चौसष्ट साली दुबईच्या धक्क्यावर हमदुल्ला भलताच भाव खाऊन असे, कारण त्याला स्पॅनिश येतं असा बोलबाला होता. खरं तर बोटीवरच्या नोकरीत त्याने एकच शब्द उचलला होता, 'ब्वेनो'. चांगलं, बरं, ठीक आहे, सगळ्याला तोच चालायचा.

एका दुपारी डॉक्टरांनी त्याला इस्पितळात बोलावून घेतलं. एक स्पॅनिश खलाशी शेवटच्या घटका मोजत होता. हमदुल्लाचा हात घट्ट धरून तो रडत रडत बराच वेळ बोलला. हमदुल्ला मान डोलावत "ब्वेनो, ब्वेनो" म्हणत राहिला. खलाशाने समाधानाने डोळे मिटले.

डॉक्टरांनी पेन उघडलं. "बोला हमदुल्लाभाई, घरच्यांना काय कळवायला सांगितलंय त्याने?"

हमदुल्लाचा हात अजून खलाशाच्या मुठीतच होता. तो सोडवून घ्यायचीसुद्धा त्याला लाज वाटली.