मला वळणच नव्हतं

“रक्तातून येतं का हे? तेवढंच सांगा,” विहीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. कुणाच्या घराण्यात काय आहे आणि ते पुढच्या पिढीत उतरेल का, हे सांगणं त्यांचं काम. सकाळपासून तेच चाललं होतं. बाजूच्या खुर्चीत काका अंग चोरून बसले होते. पहाटे भट्टी पेटवून, दुपारपर्यंत पाव विकून ते तसेच आले होते. शर्ट बदलला होता, पण कोपराला पीठ राहिलंच होतं. त्यांना झोप येत होती आणि भीतीही वाटत होती.

विहीणबाई तशा अजून व्हायच्या होत्या. काकांच्या पुतणीचं त्यांच्या थोरल्या मुलाशी जमलं होतं, तारीख तेवढी ठरायची होती. मध्येच कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की मुलीच्या काकांनी लग्न केलं नाही, कारण त्यांचा जीव बायकांवर नाही, पुरुषांवर जडतो. बातमी खरी होती. काकांनी ती कधी लपवलीही नव्हती. दुसऱ्याच दिवशी विहीणबाईंचा फोन आला. “डॉक्टरांकडे जाऊ. तुम्हीही याच. आमच्या ह्यांना माझं काही पटत नाही. डॉक्टरांचं आणि तुमचं तरी पटेल.” काका काय ते समजले. पोरीचं लग्न आता त्यांच्यापायी मोडणार होतं.

थोरला भाऊ आणि वहिनी अपघातात गेले, तेव्हा पुतणी अजून बोबडं बोलत होती. पिठाच्या पोत्यांवर झोपून ती मोठी झाली. तिच्या वेण्या काकांनी घातल्या, वाकड्यातिकड्या का होईना. तापात तिच्या उशाशी तेच बसले. शाळेच्या पालकसभेत बायकांच्या घोळक्यात एकटा बाप्या म्हणून टिंगलही त्यांनीच सोसली.

“थोडंफार येतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण हे एका जनुकाचं काम नाही. पुष्कळ जनुकांचा चिमूट चिमूट वाटा असतो. शिवाय आईच्या पोटात असताना काय घडतं, तेही त्यात आलं. रक्त तपासून कुणाचं काही सांगता येत नाही.”

“अशांना सहसा मुलंबाळं होत नाहीत. मग हे संपत कसं नाही?”

“ठाम उत्तर अजून कुणाकडेच नाही. एक तर्क असा, की यातलेच काही अंश भावंडांच्या अंगात आले, की त्यांना मुलं जास्त होत असावीत. दुसरा असा, की बिनलग्नाचा काका किंवा मामा घरातली पोरं जगवतो आणि घराणं टिकतं. पुरावा दोन्हींचा तोकडाच आहे.”

काकांना एवढ्या थकव्यातही हसू आलं. त्यांनी जगवलेला पुरावा या घटकेला आपल्या ऑफिसात बसून त्यांच्या फोनची वाट बघत होता.

“एक मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसलंय,” डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. “एकाच आईच्या पोटी थोरले भाऊ झालेले असले, की धाकट्यात याची शक्यता किंचित वाढते.”

“धाकट्यात?” विहीणबाई ताठ बसल्या. पर्सचा बंद त्यांनी मुठीत घट्ट आवळला.

काका तिघा भावांतले धाकटे. त्यांना वाटलं, झालं, आता ही बाई खाण तशी माती म्हणणार. पोरीचा हातातोंडाशी आलेला घास जाणार, आणि तोही आपल्यामुळे.

उभ्या आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट हट्टानं धरली होती. मी जन्मलोच असा, मला कुणी बिघडवलं नाही. ‘याला वळण लावा,’ म्हणत वडिलांनी त्यांना व्यायामशाळेत धाडलं, मग कडक आत्याकडे नेऊन ठेवलं. ते मुकाट्यानं गेले आणि परत येऊन तेच म्हणाले. त्या एका वाक्यावर ते आजवर ताठ मानेनं जगले होते. पण पोरीपुढे वाक्याची काय मातब्बरी?

“माझं रक्तातलं नाही, विहीणबाई,” काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “मला वळणच नव्हतं. संगत वाईट होती. वेळेवर कुणी धाक लावला असता, तर मीही चारचौघांसारखा झालो असतो.”

“अहो, असं नसतं ते,” डॉक्टरीणबाई मध्ये बोलल्या.

“तुम्हाला पुस्तकातलं ठाऊक, डॉक्टर. मला माझं ठाऊक.”

एवढं बोलून काका खुर्चीत मागे रेलले. लाज वाटत होती, पण पोर सुटली, असं वाटून जीव भांड्यात पडला होता. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता.

“लग्नाचं कोण विचारतंय हो तुम्हाला!” त्या म्हणाल्या. “तुमची पोरगी मला पहिल्या दिवसापासून पसंत आहे. माझा धाकटा मुलगाही तुमच्यासारखाच; त्याच्या पाठीवर बाप रोज पट्टा ओढतोय, वळण लावायला. हे रक्तातलंच असतं, असं त्या माणसाच्या तोंडावर सांगणारं एक तरी कुणी मिळेल, म्हणून मी तुम्हाला इथं आणलं होतं.”