आई यायला किती झोपा

“झोपा संपल्या,” जोना पांघरूण भिरकावून म्हणाला. “आता मी झोपणार नाही.”

“मी पण नाई,” धाकट्या एमीनं री ओढली.

लिऑननं कपाळाला हात लावला. घड्याळात नऊ वाजून गेले होते, पण उत्तरेतल्या जूनचा सूर्य सरोवरावर ठाण मांडून बसला होता, जसं काही त्याला घरदारच नाही. खिडक्यांना फॉइल चिकटवून खोलीत अंधार केला होता खरा. बाहेर सायकली पिदडणाऱ्या पोरांचा आरडाओरडा मात्र फॉइलला अडत नव्हता.

या गावात लेकरांना दिवस सांगतात ते झोपांच्या हिशेबात. उन्हाळ्यात रात्रच पडत नाही, तर दुसरं काय सांगणार? मॅडलिन बाळंतपणासाठी विमानानं यलोनाइफ शहरातल्या दवाखान्यात निघाली तेव्हा लिऑन पोरांना बोलून बसला होता, “दहा झोपा काढा, आई बाळाला घेऊन येते.” पोरगं बापापेक्षा हिशेबी निघालं. न्याहारीनंतर एक झोप, जेवणानंतर एक, ट्रकमध्ये एक, आणि प्रत्येक वेळी बहिणीलाही आडवं पाडायचं. दहाच्या दहा झोपा चार दिवसांत उरकल्या. मॅडलिनला कळा सुरू झाल्याचा निरोप तर आज संध्याकाळी आला होता. त्यानंतर काहीच कळलं नव्हतं.

“तू खोटं सांगितलंस,” जोना म्हणाला. तो रडत नव्हता, आणि तेच लिऑनला जास्त लागलं. आईच्या माघारी पोरांना धरायला बापाच्या शब्दाशिवाय होतंच काय?

कुठून कोण जाणे, त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “दुपारच्या झोपा मोजत नाहीत. स्वप्न न पडलेल्याही नाहीत.”

“असं कोण म्हणतं?”

“तुझी आजी. विचार तिला.”

जोनानं हाक मारली. सेसिल चहाचा कप घेऊन दारात आली आणि तोंड अगदी गंभीर करून म्हणाली, “बरोबरच आहे. आणि ट्रकमधली तर मुळीच नाही. ती कसली झोप? तिथं नुसती मान डुलते.”

जोनानं थोडा विचार केला. “मग किती राहिल्या?”

“आधी एक खरी काढून दाखव, मग बघू.”

स्वप्न लवकर पडावं म्हणून त्यानं डोळे गच्च मिटले. एमी तर केव्हाच तोंडात अंगठा घालून झोपली होती.

लिऑन तिथंच बसून राहिला. त्याला स्वतःचं लहानपण आठवलं. बाप कॅरिबू हरणांच्या शिकारीला गेलेला, तंबूत स्प्रूसच्या फांद्यांवर एका पांघरुणात तिघं भाऊ, चुलीत तडतडणारं लाकूड, आणि दारात हाच चेहरा करून हेच सांगणारी आई. काय गाढ झोप लागायची तेव्हा! पुढं कुठल्याच गादीला तिची सर आली नाही. एकदाच, एकदाच तसं झोपायला मिळावं, असं त्याला फार वाटलं.

तो बाहेर आला. सेसिल पायरीवर डास हाकलत बसली होती. तोही शेजारी टेकला, मांडीवर फोन ठेवून.

“आई, बाबांना यायला उशीर झाला की तू आम्हाला अशीच गंडवायचीस ना?”

“मग काय करणार होते? तिघंही वकिलासारखे भांडायचात.”

“आणि तू स्वतः किती झोपा मोजायचीस?”

सेसिल हसली. “मोजायला आधी झोप लागावी लागते रे.”

लिऑननं तिच्याकडं पाहिलं. ती सरोवराकडं बघत होती. चहा तसाच निवून गेला होता.

थोड्या वेळानं तिनं त्याच्या मांडीवरचा फोन उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

“तू जा, आडवा हो,” ती म्हणाली. “वाजला की हाक मारते.”