किड्याचं बारसं

तेजस्विनीनं काचेच्या डबीवरचा रुमाल काढला आणि मांडवातली सगळी माणसं पुढं वाकली. डबीत, टाचणीवर, तुरीच्या दाण्याएवढा एक काळा किडा होता.

सुधाकररावांनी आधी डबीकडं पाहिलं, मग तिच्या पिशवीकडं. खरा किडा मागून निघेल, असं त्यांना वाटत होतं. पिशवीतून पाण्याची बाटली निघाली.

तेजस्विनी देशातल्या किड्यांची यादी करणाऱ्या एका खात्यात होती. दोन पावसाळ्यांपूर्वी ती बेल्याजवळच्या या गावात आठ दिवस येऊन राहिली, तीही सुधाकररावांच्याच घरी. त्यांनी तिला खोली दिली, बैलगाडी दिली, किडे ठेवायला लोणच्याच्या बरण्यासुद्धा दिल्या. यादीत नसलेला किडा सापडला तर त्याला तुमचं नाव देईन, असं ती जाताना म्हणाली. त्या वेळी तिच्या पेटीत एक हिरवागार सोनकिडा चमकत होता. सुधाकररावांनी मनातल्या मनात तोच आपला धरून टाकला.

त्यांना नावाची फार हौस. हौस कसली, तहानच होती ती. मूलबाळ झालं नाही, तेव्हा आपलं नाव घेणार कोण, हा घोर त्यांना कायमचा लागलेला. शाळेच्या भिंतीवर त्यांनी नाव लिहून घेतलं, तर पुढच्याच वर्षी भिंतीला चुना लागला. देवळाला पंखा दिला आणि पात्यावर नाव घातलं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नसे, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तो बंद कोण करणार? घरात तर नाव कानावर पडायची सोयच नव्हती. जयवंताबाई जुन्या वळणाच्या, नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात एकदाच घेतलं होतं, पण नेमका तेव्हाच बँडवाला रंगात आला. त्याला चाळीस वर्षं झाली. बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकायला कसं लागतं, हे बिचाऱ्या सुधाकररावांना अजून ठाऊक नव्हतं.

म्हणून तर नव्या किड्याला तुमचं नाव दिलं, असा तेजस्विनीचा फोन आल्यावर त्यांनी बारसंच मांडलं. मांडव, पेढे, शाल, नारळ. फक्त पाळणा तेवढा नव्हता.

किडा राहतो कुठं, असं शेजारच्या मारोतरावांनी विचारलं. शेणात, असं तेजस्विनीनं सांगितलं. तो शेणाची गोळी करतो आणि मागच्या पायांनी ढकलत नेतो. फार गुणी किडा, तो नसता तर रानात शेणाचे ढीग साचले असते, हेही ती अगदी मनापासून म्हणाली. पण तोवर कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

"मंग आमच्या गोठ्यात तं दहा-बारा सुधाकरराव हायेत," मारोतराव म्हणाले.

तोंडात पेढे असूनही लोक हसले. एकट्या जयवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी डबी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि पदरानं काच पुसून परत दिली.

सुधाकररावांनी तेजस्विनीला बाजूला घेतलं. नाव बदलून मिळेल का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नाही काका. एकदा छापून आलं की जगात कुणालाच ते पुसता येत नाही."

जन्मभर त्यांना हेच ऐकायचं होतं. ऐकायला मिळालं तेव्हा त्यांना घाम फुटला.

पण हार मानतील तर ते सुधाकरराव कसले. जमिनीच्या कागदात फेरफार होतो, तर किड्याच्या कागदात काऊन नाही? त्यांनी संध्याकाळी बसून तीन पानी अर्ज लिहिला. नाव रद्द करावे, अर्जदाराची गावात फार शोभा होत आहे. सकाळी धुतलेलं धोतर नेसून, अर्ज खिशात घालून ते आदिलाबादच्या बसची वाट पाहत ओसरीवर बसले. बस धरायची, कचेरी गाठायची आणि सही-शिक्क्यानिशी त्या किड्यापासून मोकळं व्हायचं.

समोर गोठ्यात जयवंताबाई खराट्यानं झाडत होत्या. मधेच खराटा थांबला. एक काळा किडा पाठमोरा होऊन शेणाची गोळी ढकलत त्यांच्या पायापाशी आला होता. तो डबीतल्याच जातीचा होता की दुसऱ्या, हे सांगायला तेजस्विनीच हवी होती. जयवंताबाईंना मात्र शंका नव्हती. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सुधाकरराव," त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, "जरा बाजूनं जा. खराटा लागंल तुमाले."

ओसरीवर सुधाकररावांनी पाय वर घेतले.

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. एकदा वाजला, दोनदा वाजला, आणि बस गेली. सुधाकरराव जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. थोड्या वेळानं त्यांनी खिशातला अर्ज काढला, त्याचे चार तुकडे केले आणि गोठ्याकडं तोंड करून आवाज दिला,

"पाह्य बरं वं, अजून एखादा हाय काय तिथं."